मुख्यालयी राहणाऱ्यांसाठी कारपूल

साहेब म्हणून तालुक्याला बदली झाली, अभिनंदन. कुठल्याशा प्रशिक्षणात तुम्ही ऐकून आला असाल की अमेरिकेत मालकच कर्मचाऱ्यांना विनवतो, बाबांनो, एकेकटे गाडी घेऊन येऊ नका, कारपूल करा, म्हणजे एकाच गाडीत मिळून या. थ्रीएम कंपनीनं 1973 मध्ये मिनेसोटात कर्मचाऱ्यांना एकत्र आणायला व्हॅन सुरू केल्या. कॅलिफोर्नियात 1992 ला कायदाच झाला: भाड्यानं घेतलेली पार्किंगची जागा जो कर्मचारी नाकारेल, त्याला मोठ्या कंपन्यांनी तिचे पैसे रोख द्यावेत. आता हेच आपल्या पंचायत समितीत करून दाखवायचं तुमच्या मनात आहे. अवश्य करा. एकच गोष्ट सांभाळा, आपल्या तालुक्यात कोणी ये-जा करतच नाही.

विश्वास नसेल तर फाइल मागवा. गुरुजी असोत की ग्रामसेवक, सगळे मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावातच, राहतात. घरभाडे भत्ता त्याच अटीवर मिळतो आणि 2019 पासून त्याला ग्रामसभेचा ठरावही लागतो. ठराव जोडलेला आहे, सरपंचाची सही आहे, शिक्का जरा तिरपा पडलाय, पण आहे. तेव्हा ‘घर ते कार्यालय अंतर किती’ असा सर्व्हे चुकूनही काढू नका. काढलाच तर तालुकाभरातून एकच उत्तर येईल, निरंक.

मग सकाळी नऊला यवतमाळात दारव्हा रोडला पांढऱ्या कारजवळ थांबलेली ती पाच माणसं कोण? विचारू नका, नुसतं बघा. पुढची सीट मुख्याध्यापकांची, ती सेवाज्येष्ठतेनं ठरते. मागे मधोमध, गुडघे हनुवटीला टेकवून, नवा शिक्षणसेवक. त्याच्या मांडीवर सगळ्यांचे डबे. पेट्रोलचा हिशेब एक तारखेला. ज्याची गाडी त्याला पेट्रोल माफ, टायर फुटला तर सगळे मिळून. रजेवर असलेल्याचा वाटा धरायचा की नाही, यावरून मागच्या दिवाळीपासून दोघांचं बोलणं बंद आहे, आणि तरी ते रोज मांडीला मांडी लावून अप-डाउन करतात. तुमचा पुण्याचा सल्लागार यासाठी ॲप बनवून देतो म्हणतोय. बनवू द्या.

गाडी नसलेल्यांची काळजी तर मुळीच नको. काळीपिवळीत ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक जण बसलेला असतो, तरी आवाज येतोच, ‘‘सरका बापा थोडं, जागा हाय!’’ मॅडम लोक एसटीनं जातात, कारण मार्च 2023 पासून महिलांना तिकीट अर्धं आहे. हे यश अहवालात तुमच्या नावावर टाका. रेल्वेचा पर्याय दाखवायचा तर शकुंतला आहेच, इंग्रज कंपनीनं कापूस वाहायला काढलेली, 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली. सध्या धावत नाही, पण अहवालात धावायला तिला काय अडचण?

तिकडे अमेरिकेत म्हणे कारपूलवाल्याला अडीअडचणीला घरी पोचवायची हमी असते, टॅक्सीचे पैसे कंपनी भरते. आपल्याकडे रात्रीची मुक्कामी बस असते, फक्त ती गावात येते, सकाळी परत जाते. म्हणजे शासनाला आपले कर्मचारी कुठे झोपतात याची खात्री आहे. शेवटची गाडी चुकलेल्याला कापसाचा ट्रॅक्टर मिळतो. ही हमी वेचणीच्या हंगामापुरती. जूनमध्ये आईचा फोन आला तर दुधाच्या गाडीची वाट बघायची.

पार्किंगऐवजी रोख देण्याचं कलम मात्र गाळा. आवारात कडुनिंब एकच. पारा 45 वर गेला की त्याखालची जागा लाख रुपये दिले तरी कोणी सोडणार नाही. आणि ती तशीही तुमचीच आहे.

राहता राहिली तुमची गाडी. एसी लावलेली, मागच्या सीटवर एकटे साहेब, असं कोणी कुजबुजेल. मनावर घेऊ नका. पुढे ड्रायव्हर आहे ना? झाले दोघं! अमेरिकेच्या हिशेबात दोन डोकी म्हणजे कारपूल. उद्घाटनाला तिच्यातूनच या. शिपायाला सांगून निंबाखालच्या मोटारसायकली उन्हात काढून ठेवतो.