सही आहे, पण वाचलं कोणी?

डायरीत लाल पेनाने लिहिलं, ‘गणिताच्या तासाला सतत बडबड. कृपया भेटावे.’ दुसऱ्या दिवशी खाली सही. कोणाची? बाबांची म्हणे! बाबांचं अक्षर आणि सातवीतल्या चिरंजीवांचं अक्षर इतकं सारखं? वा, याला म्हणतात वारसा!

फोन करावा तर ‘मीटिंगमध्ये आहे, मॅडम.’ पालकसभेला बोलवावं तर येतात कोण? ज्यांच्या पोरांबद्दल तक्रारच नाही ते! ‘दोन मार्क कुठे गेले?’ विचारायला. ज्यांची वाट बघत माझा चहा गार झाला, ते गावाला. दर सभेला गावाला!

आणि तो व्हॉट्सॲप ग्रुप! रात्री अकराला सगळे हजर. ‘उद्या गणवेश की पीटी ड्रेस?’ अहो, सकाळीच टाकलंय, जरा बोट वर सरकवा! वर्गातल्या मारामारीबद्दल चार ओळी लिहिल्या, तर सतरा अंगठे आणि एक गुड नाइटचं गुलाब.

चुकून कोणी आलंच, तर पोरासमोरच, ‘घरी फार शांत असतो हो. तुम्हीच द्या ना दोन ठेवून!’ द्या ठेवून? शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. हात उगारला की कारवाई माझ्यावर. (त्याच कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असंही आहे. माझ्या वर्गात ५८ आहेत. असो.) आणि नुसतं आवाज चढवून दटावलं, तर तेच बाबा तासाभरात मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये. तेव्हा बरी मीटिंग नसते!