नाव कुणाच्या मुलाचं?

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर दादाने लिहिलं, "प्रत्येक पोराला दोन वर्षं सक्तीने फौजेत धाडा, शिस्त लागेल. आणि देश सोडून गेलेल्यांनी यावर बोलू नये." खाली अंगठ्यांची रांग लागली. तेव्हा मी गप्प बसले. पण आठ दिवस झाले, डोक्यातून जात नाही, म्हणून बोलतेच.

दादा, माझ्या मुलाचं नाव यादीत लागलंय. तुझ्या मुलाचं कुठे आहे?

इथे अमेरिकेत १८ पूर्ण झाले की ३० दिवसांत मुलग्याने सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडे, म्हणजे सक्तीच्या भरतीची वेळ आली तर लागणारी यादी ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, नाव नोंदवायचं. नागरिक असो, ग्रीन कार्डवाला असो, की कागदपत्रं नसलेला. वैध व्हिसावर शिकायला आलेल्यांना तेवढी सूट. सक्तीची भरती १९७३ मध्येच थांबली, पण सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्यावर १९८० मध्ये कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू केली, ती आजही आहे. वाढदिवसानंतरच्या रविवारी आमच्या पोराने पोहे खाता खाता लॅपटॉपवर फॉर्म भरला. नाव, जन्मतारीख, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर. पोह्यांची बशीही संपली नव्हती. मी समोर लिंबू चिरत होते, ते अर्धं तसंच हातात राहिलं. मतदानाचा हक्क अजून मिळालेला नाही, आणि लढाईच्या यादीत नाव गेलंसुद्धा.

आता मी आणि पोराने, दोघांनी नागरिकत्वाचा अर्ज केलाय. त्यात त्याला या नोंदणीबद्दल विचारलं आहे. जाणूनबुजून टाळली असेल तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. नागरिकत्वाच्या परीक्षेच्या १२८ प्रश्नांतही एक आहे: १८ ते २५ वयाच्या पुरुषांनी नोंदणी करणं महत्त्वाचं का? तीन उत्तरं चालतात. त्यातलं एक मला पाठ झालंय: वेळ आलीच तर भरती न्याय्य व्हावी म्हणून. म्हणजे नाव सगळ्यांच्या मुलांचं. (मुलींचं नाही, तो भेद इथल्या सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये मान्य केला. मला तो पटत नाही.)

दादा, तुझ्या सक्तीत हे 'सगळ्यांचं' कुठे आहे? तुझा मुलगा हिंजवडीत नोकरी करतो, कॉलेजात एनसीसीलाही गेला नाही. पहाटे साताऱ्याच्या रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं तू रोज पाहतोस. त्यांना सक्ती नको आहे, ती आपण होऊन रांगेत उभी आहेत. २०२२ पासून फौजेच्या अग्निपथ भरती योजनेत चार वर्षांनी चौघांतला फार तर एक कायम होतो. उरलेल्या तिघांबद्दल ग्रुपवर तू एकदाही लिहिलेलं नाहीस. पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावलेलं अपशिंगे आपल्याच जिल्ह्यातलं. तिथल्या एखाद्या आईसमोर हे 'शिस्त लागेल' म्हणून दाखव.

इथलं सगळं सोनं आहे असं मी म्हणत नाही. पंजाबातून इथे आलेले भगतसिंग थिंड याच देशाच्या फौजेत होते, तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना 'गोरे नाहीत' म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवलं. ते त्यांना कायमचं मिळायला १९३६ उजाडलं.

आणि एक गोष्ट मी ग्रुपवर लिहू शकले नाही, ती अशी. पोराचे १८ पूर्ण होण्याआधी मी नागरिक झाले असते, तर त्याला नागरिकत्व आपोआप मिळालं असतं. तेव्हाच मी अर्जाला पात्र झाले होते. पण भारतीय पासपोर्ट परत करायचा म्हटलं की माझा हात मागे यायचा. पुढच्या वर्षी करू, असं म्हणत चार वर्षं काढली. नोंदणी त्याला तरीही चुकली नसती. पण शपथ चुकली असती. कायद्याने सांगितल्यास या देशासाठी शस्त्र हाती घेईन, अशी ओळ तिच्यात आहे. मी पासपोर्ट सोडला नाही, म्हणून ती आता त्याला उजवा हात वर करून स्वतःच्या तोंडाने म्हणावी लागणार. मलाही म्हणायची आहे. रात्री जेवणानंतर तो मला प्रश्न विचारतो, मी उत्तरं देते. त्या प्रश्नापाशी आला की तो माझ्याकडे न बघता पान उलटतो.