जुनी रेकॉर्डिंगं जनतेसाठी ‘खुली’ कशी करावीत

समजा तुम्ही मराठवाड्यातल्या एखाद्या संग्रहालयाचे प्रमुख झालात आणि कपाटात जुन्या टेपा निघाल्या, कशात रझाकारांशी लढलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती, कशात पहाटेच्या जात्यावरच्या ओव्या, एखाद्या व्हीएचएसवर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचं शूटिंग. घाबरून जायचं नाही. रजिस्टरात “कॅसेट, विविध” एवढंच लिहा. कोण बोलतंय, गाव कुठलं, असलं लिहिलं की लोक शोधत येतात.

ठेवायचं पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात. स्पूलच्या चिकट झालेल्या टेपा लॅबमध्ये ५० अंशांच्या आसपास बेतानं तापवून तात्पुरत्या चालत्या करतात, आपल्याकडं परभणीचा मे महिना तेच फुकटात करतो, बेत तेवढा सोडून.

कुणी विचारलंच तर “डिजिटायझेशन चालूय” म्हणा. म्हणजे टेबलावर टेपरेकॉर्डर, त्याच्यासमोर मोबाईल, वर पंखा फुल स्पीडवर आणि मधेच शिपाई मामा, “सायेब, च्या आणू का?” तेबी रेकॉर्ड झालं, असू द्या, पुढच्या पिढ्यांना आपली ऑफिसं कशी चालायची ते कळंल. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल, म्हणजे आवाज न दाबता सगळ्या बारकाव्यांसकट साठवायचा, हे जपणुकीचे नियम मोठ्या लोकांचे, आपण व्हॉट्सअपवर पाठवायची, तोच बॅकअप.

आता कायदा, हे खास. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापुढं ६० वर्षं हक्क राहतो. पण तुम्ही प्रसिद्धच केलं नाही तर ती ६० वर्षं सुरूच होत नाहीत! याच्याइतकं भक्कम कुलूप बाजारात मिळायचं नाही. ओव्या गाताना त्या बाईला कुणी विचारलं नव्हतं की बाई, हे कुठं वाजवायचं, कुणाला ऐकवायचं, पण आज तिचा नातू “आज्जीचा आवाज ऐकायचाय” म्हणून जिंतूरहून एसटीनं आला की त्याच्याकडून मात्र ना-हरकत मागायचीच, आज्जीच्या सहीची. आज्जी वारली म्हणाला तर मृत्यूचा दाखला आणि वारस प्रमाणपत्र.

राहिला कार्यक्रम. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंडावंदनानंतर एका म्हाताऱ्याचा आवाज स्पीकरवर लावा, तो गावाचं नाव सांगेपर्यंत पाहुणे घड्याळ बघतील, मग बंद करून डीजेवाल्याला खूण करा. दुसऱ्या दिवशी पेपरात “ऐतिहासिक ठेवा जनतेसाठी खुला” छापून येईल, ते कात्रण जपून ठेवा बरं का, लॅमिनेशन करून, पुढच्या निधीच्या प्रस्तावाला जोडायला लागतं.