महापौरांच्या नावानं शिमगा

शहरात काहीही बिघडलं की महापौरांच्या नावानं शिमगा करायचा, हा नागरिकाचा हक्कच आहे. माझी तक्रार एवढीच की तो फार ढिसाळपणे बजावला जातो. खड्डा दिसला, महापौर. घंटागाडी चुकली, महापौर. सोसायटीत पार्किंगवरून जुंपली तरी तिसऱ्या वाक्याला महापौरच. कामगिरीवर बोलायचं तर त्या माणसाच्या हातात काम कोणतं आहे हे आधी बघावं लागतं, आणि निम्म्या टीकाकारांचा दम तिथंच निघतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ उघडा. (मुंबईकरांनी १८८८ चा उघडावा, त्यांचं पहिल्यापासून सगळं वेगळंच.) कारभार आयुक्तांकडे, आणि आयुक्त पाठवतं राज्य सरकार. पैशाच्या नाड्या स्थायी समितीतल्या १६ जणांच्या हाती. त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात, म्हणजे नाडी धरण्याचा योग जास्तीत जास्त हातांना येतो. उरले महापौर. ते लग्नातले थोरले काका : पहिला हार त्यांना, फोटोत मधली जागा त्यांची, केटररचा चेक मात्र दुसराच फाडतो. १९९८ मध्ये मुंबईत मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे महापौर आणि त्यांच्या मंडळाकडेच कारभार, आणून काकांच्या हाती चेकबुक देऊन पाहिलं होतं. ते लवकरच काढूनही घेतलं.

मुदत अडीच वर्षांची. इच्छुक फार झाले की पक्ष तिचे सव्वा-सव्वा वर्षाचे दोन तुकडे करतो. त्यातले सुरुवातीचे महिने सत्कारात जातात, शेवटचे राजीनामा कधी देणार या प्रश्नाला उत्तरं देण्यात.

तेव्हा खड्ड्यासाठी गाठायचा तो क्षेत्रीय कार्यालयातला पथ विभागाचा कनिष्ठ अभियंता. तक्रारीत विजेच्या खांबाचा नंबर, खड्ड्याची लांबी-रुंदी आणि रस्ता कधी झाला हे लिहायचं, कारण दोषदायित्व कालावधी, म्हणजे रस्त्याची हमीची मुदत, संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते. नियमानं खड्डा चौकोनी कापायचा, आतली माती आणि पाणी काढायचं, कडांना डांबराचा हात द्यायचा, माल भरून रोलर फिरवायचा. प्रत्यक्षात टेम्पो येतो, पाण्यातच दोन घमेली माल ओततात, फावड्याच्या पाठीनं थोपटतात आणि रोलरचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या बसवर सोपवतात. पहिल्याच सरीला कडेनं पाणी शिरतं, खडी सुटते आणि दुचाकीवाल्यांच्या वाट्याला येते.

मग निघतो महापौरांचा पाहणी दौरा. मध्ये महापौर, उजवीकडे वही उघडून अभियंता, डावीकडे नगरसेवक, आणि सगळ्यांची बोटं खड्ड्याकडे. मे महिन्यात हाच संच नाल्याच्या काठावर उभा राहतो. आता नाल्याकडे बघून नालेसफाई कळत नाही. वर तरंगणारा थर्माकोल काढला की कोणताही नाला दोन दिवस बरा दिसतो. गाळाचे पैसे टनावर निघत असतील तर बघायच्या त्या वजनकाट्याच्या पावत्या : गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ. एकाच डंपरच्या दोन खेपांत दहा मिनिटांचं अंतर असेल तर त्या डंपरला पंख तरी असावेत किंवा गाळ काट्याशेजारीच पिकत असावा. पण पावत्यांसोबत फोटो चांगला येत नाही.

महापौरांचं कायद्यानं नेमून दिलेलं मोठं काम म्हणजे सभा चालवणं. टीकाकारानं दबा धरून बसावं ते इथं. महिन्यात निदान एक सर्वसाधारण सभा, तीही २० तारखेच्या आत, असा नियम आहे आणि तो काटेकोर पाळला जातो. अकराची सभा साडेबाराला भरते, कोणा दिवंगताला श्रद्धांजली वाहतात, सगळे दोन मिनिटं उभे राहतात आणि सभा तहकूब. श्रद्धांजलीला विरोध करायची कोणाची छाती आहे? विषयपत्रिका होती तिथंच राहते, आणि महिन्याची सभा मात्र झालेली असते.

सभा खरंच चालली तर पंचाईत वेगळी. प्रश्नोत्तरांत गोंधळ होतो, विरोधक आसनापुढे धावतात, कोणीतरी राजदंड पळवतो, आणि तो परत येईपर्यंत व्यासपीठावरून मंजूर, मंजूर, मंजूर असा जप संपलेला असतो. आयत्या वेळचे विषय याच जपात निघून जातात. ते छापील पत्रिकेवर नसतात, त्यामुळे कशाला मंजुरी दिली हे नगरसेवकांनाही दुसऱ्या दिवशी पेपरातच कळतं. महापौरांना नापास करायचं असेल तर या विषयासाठी करा. खड्ड्याचे मार्क दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकात आहेत. अर्थात ठराव झाला म्हणजे झालाच असंही नाही. अधिनियमाच्या कलम ४५१ खाली सरकार तो विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. २०१६ मध्ये नवी मुंबईत आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावरचा अविश्वास ठराव प्रचंड बहुमतानं मंजूर झाला, सरकारनं तो रोखला, आणि आयुक्त दुसऱ्या दिवशीही आयुक्तच होते.

पुरावा हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. जोडपत्र 'अ' हा ठरलेला नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. शिव्यांना त्यात जागा उरत नाही. अर्ज नगरसचिव कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. सभेचं इतिवृत्त मागू नका. उत्तर ३० दिवसांत येतं, पण येतं ते असं : इतिवृत्त अद्याप कायम झालेलं नाही. ते कायम करायचा विषय पुढच्या सभेपुढे होता आणि ती तहकूब झाली. त्याऐवजी हजेरीपत्रक मागा, आणि सभा किती वाजता सुरू झाली व किती वाजता तहकूब झाली त्या नोंदीची प्रत. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. पानाला दोन रुपये पडतात, आणि बहुतेक सभांना एक पान पुरतं.