काटा हलला पाहिजे

"मशीन कुठंय?"

गणपतीचं गाणं मास्टरिंगला, म्हणजे आवाजावरच्या शेवटच्या हाताला, आलं की सोबत पैसे घालणारे मामा येतात. यंदाच्या मामांनी हे चपला काढता काढताच विचारलं. स्क्रीनवर इक्वलायझर, लिमिटर, लाउडनेस मीटर सगळं उघडं होतं. मामांनी तिकडे नजरसुद्धा टाकली नाही. "हे तर आमचा भाचा लॅपटॉपवर करतो. बटणं पाहिजेत. मोठी. काटेवाली."

रॅकमध्ये काटेवाला एक स्टिरिओ कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं यंत्र, आहे. मामा खुर्ची ओढून थेट त्याच्या पुढ्यात बसले. पहिलं कडवंही संपलं नव्हतं.

"काटा हलत नाहीये."

"हलतोय मामा. दीड डीबी."

"दीडच? पैसे तर पूर्ण घेता."

काटा म्हणजे आवाज किती दाबला त्याचा हिशोब, आणि मास्टरिंगमध्ये एक-दोन डीबी (डेसिबल) पुष्कळ झाले. रेशो (किती दाबायचं) 2:1, अटॅक (किती वेळात दाबायचं) 30 मिलिसेकंद, म्हणजे ताशाची काडी आधी सुटते आणि कॉम्प्रेसर मागाहून हात घालतो. अटॅक 0.3 वर आणलात तर ताशाचा पुठ्ठा होतो. शिवाय आवाज मोजणाऱ्या डिटेक्टरच्या वाटेवर 100 हर्ट्झच्या आसपास हायपास (खालचे सूर गाळणारा फिल्टर) लागतो, नाहीतर ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला गायक खाली दबतो.

"काटा जास्त हलला की ताशा मागे जातो, मामा."

"जाऊ द्या की मागं. पण हलू द्या."

थ्रेशोल्ड, म्हणजे दाबणं सुरू होण्याची पातळी, खाली ओढला, काटा सहा डीबीपर्यंत झोकांड्या खाऊ लागला, दबलेला आवाज भरून काढायला मेकअप गेन चढवला. मामांचा चेहरा उजळला. "आत्ता कसा मशीनचा आवाज आला!" आला, कारण तो आधीपेक्षा एक डीबी मोठा होता. कानाला मोठं ते चांगलं वाटतंच, भल्याभल्यांना वाटतं. म्हणून यंत्र असो वा प्लगिन (यंत्राचं काम संगणकात करणारं सॉफ्टवेअर), आधीचा आणि नंतरचा आवाज सारख्या पातळीवर आणल्याशिवाय तुलना करायचीच नाही. लेव्हल जुळवली की 'ॲनालॉगची ऊब' म्हणून नावाजलेलं बरंच काही जागच्या जागी विरतं. उरतं ते खरं: ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्हचं (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांचं) थोडं हार्मोनिक डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले जादा सूर. तेही आजची प्लगिनं बऱ्यापैकी देतात, फक्त ओव्हरसॅम्पलिंग (आवाजाचे नमुने जास्त वेळा मोजणं) चालू ठेवा, नाहीतर वरच्या पट्टीत एलियासिंगची, म्हणजे मुळात नसलेल्या सुरांची, कचकच येते.

यंत्राचा संसार मात्र मामांना दिसत नाही. व्हॉल्व्हवालं असेल तर अर्धा तास तापवा, मग खोली तापते म्हणून एसी वाढवा, मग एसीची घरघर ऐका. फेअरचाइल्ड 670 नावाच्या कॉम्प्रेसर-दैवतात 20 व्हॉल्व्ह आणि सुमारे 30 किलो वजन; तो पोसायला संस्थानच हवं. अर्थिंग बिघडलं की 50 हर्ट्झची गुणगुण. संगणकातून आवाज बाहेर काढायचा, यंत्रातून फिरवून परत आत घ्यायचा, म्हणजे कन्व्हर्टर दोन्हीकडून चांगला हवा. आणि चार मिनिटांच्या गाण्याला चार मिनिटं. घाई असली तरी चारच.

दुसऱ्या दिवशी फोन. "ते शेवटचं 'मोरया' जरा वर घ्या ना." प्लगिनमध्ये नवा मिक्स टाकून एक्स्पोर्ट, विषय संपला. यंत्रावर बटणांचे फोटो बघत प्रत्येक खुंटी जागेवर आणा. खटके असलेला स्टेप्ड स्विच असेल तर ठीक. साधा पॉट (बिनखटक्याची सलग फिरणारी खुंटी) असेल तर डावं-उजवं अर्ध्या डीबीने फसतं आणि गायक मधून सरकतो. ज्या गाण्यात दुरुस्त्या येणार हे आधीच दिसतंय, ते सरळ सॉफ्टवेअरमध्ये करावं. गणपतीच्या गाण्यात त्या विसर्जनापर्यंत येतात. प्लगिनवाल्यांनीही फार हसू नये: सिस्टिम अपडेट केली की लायसन्स रुसतं आणि जुनं सेशन उघडत नाही.

मामांनी मास्टर शेवटी फोनच्या स्पीकरवर लावला. त्यात 200 हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही वाजतच नाही. "ढोल कुठं गेला?" मग पुढचं: "बाजूच्या मंडळाचं गाणं मोठं वाजतं." मोठं करून देतो की, -8 एलयूएफएस (गाणं एकूण किती मोठं वाजतं त्याचं माप). स्पॉटिफाय ते -14 च्या पातळीवर आणायला सहा डीबी खाली खेचणार, आणि हाती उरणार मेलेला ताशा. हे मामांना कोण सांगणार? सांगितलं. "मग स्पॉटिफायवाल्यांशी बोलून घ्या," म्हणाले.

खरा पैसा जातो तो खोलीत: कोपऱ्यांत खालचा घुमारा शोषणारे रॉकवूलचे जाड बेस ट्रॅप, भिंतींवर चार इंची पॅनल. ते नसतील तर लाखाचं यंत्र आणि फुकटचं प्लगिन दोन्ही अंदाजानेच फिरवायची. पण कापडाआडच्या रॉकवूलला ना बटण ना काटा, त्याचे पैसे कोण देणार? बिलात यंत्राच्या रिकॉलचे (बटणं पुन्हा होती तशी लावण्याचे) वेगळे पैसे लावले, तर मामांनी ती ओळ पेनाने खोडली. "कशाचे पैसे? बटणं आहेत तिथंच आहेत की."