जाड पेन्सिल, नग एक

वीस तारीख, रात्रीचे अकरा दहा. महिन्याच्या वीस तारखेपर्यंत थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं मासिक रिटर्न, भरायचं असतं, आणि सांगलीतले आमचे हळदवाले शेठ एकोणीसची संध्याकाळ झाल्याशिवाय पिशवीतून बिलं बाहेर काढत नाहीत. त्या रात्री बिलं जुळली, आकडे बसले, करही भरून झाला. आता चौकोनात एक टिक मारायची, ओटीपी टाकायचा आणि झोपायचं. मी माउस हलवला. बाण हलला नाही. उलटा करून पाहिला, तर तांबडा दिवा एकदा मिणमिणला आणि गेला. तोंडात गंगाजल घालायलाही वेळ दिला नाही.

टॅब दाबत दाबतही जाता येतं म्हणे. मी चौदा वेळा दाबला आणि 'लॉगआउट'वर पोचलो.

सेल बदलला की झालं, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे सेलचा तुटवडा नाहीच. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये सतरा निघाले. अडचण एवढीच, की आमच्या घरात सेल मरत नाही, निवृत्त होतो. खेळण्यातल्या मोटारीत थकला की माउसमध्ये, माउसमध्ये थकला की भिंतीवरच्या घड्याळात, आणि तिथूनही उतरला की 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून ड्रॉवरमध्ये. यात शास्त्र नाही असं नाही. मोटारीला घटाघटा प्यायला लागतं, घड्याळ थेंबाथेंबावर वर्ष काढतं. दीड व्होल्टचा कोरा सेल एक व्होल्टच्या आसपास घसरला की मोटार मान टाकते, घड्याळाची टिकटिक मात्र चालूच. पण त्या ड्रॉवरमध्ये कोण कितवी नोकरी करून आलाय, याची सेवापुस्तिका कुणी ठेवलेली नाही.

लेकीने एकदा मोबाइलवर एक युक्ती दाखवली होती. सेल उभा धरून फरशीवर सोडायचा; भरलेला असेल तर धप्पकन बसतो, संपलेला असेल तर टणकन उडतो. आतल्या जस्ताचं ऑक्साइड झालेलं असतं म्हणून. मी एकेक सोडायला लागलो. टण. टण. टण. पंधरा उडाले. बसलेल्या दोघांच्या बुडाला पांढरा खार फुटला होता. आतून बायकोचा आवाज आला, "आता काय गोट्या खेळताय काय ओ?"

या परीक्षेतही गोम आहेच. अर्धा संपलेला सेलही पुरत्या संपलेल्याइतकाच उडतो, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१५ साली मोजून दाखवलं आहे. म्हणजे माझ्या पंधरांत एखादा धडधाकट असूही शकतो. म्हणून पंधराच्या पंधरा माउसमध्ये घालून पाहिले. नव्हता.

स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं. त्यातल्या सेलवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'माउस, दिवाळी'. मीच त्याला पेन्शनीत काढला होता.

तेवढ्यात शाळेतली अक्कल आठवली. कीबोर्डात दोन बारीक पेन्सिल सेल असतात. जाड असो, बारीक असो, व्होल्ट तेवढेच; लांबी जरा कमी पडते, तिथे चॉकलेटच्या चांदीचा बोळा कोंबायचा. कोंबला. बाण हलला! मी टिक मारली, शेठना फोन करून उठवलं, त्यांनी झोपेत ओटीपी सांगितला, आणि मी तो टाइप करायला बोटं उचलली. कीबोर्ड गप्प. त्याचा एक सेल माउसच्या पोटात होता.

पडद्यावर उमटणारा कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, हे लेकीने दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता सांगितलं.

अकरा पस्तीस. आजची तारीख हुकली तर दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि शेठच्या लेखी ते माझ्या फीतून. मी बाबांच्या खोलीत शिरलो. कपाटाच्या दुसऱ्या खणात त्यांचं बीपीचं मशीन. चार जाड पेन्सिल, चारही तांबडे, नवे कोरे. घरात कोऱ्या सेलची चैन एवढ्या एकाच मशीनला आहे. मी एक काढला आणि त्या जागी ड्रॉवरमधला एक निळा, उडणारा, बसवला. बाबा घोरत होते. शेठना पुन्हा उठवलं, अकरा बावन्नला रिटर्न गेलं.

सकाळी साडेसहाला बाबा मशीन घेऊन हॉलमध्ये उभे. "तीन तांबडे आणि एक निळा, हे कसं काय? मशीन चालू होत नाही. आता माझं बीपी कळणार कसं?"

आई म्हणाली, "तोंडावर दिसतंय की."

मग घरात चार्जिंगचं युग आलं. आधी मी चार्ज होणारे पेन्सिल सेल आणले. हे १.२ व्होल्टचे, त्यामुळे आमच्या माउसला ते नवे असतानाच अर्धे संपलेले वाटतात. साधा सेल आजारी मामासारखा महिनाभर कण्हत असतो, आपण मनाची तयारी करतो. हा दुपारी वरणभात जेवतो आणि संध्याकाळी नसतोच. वर चार्जरमधून कुठले काढले आणि कुठले घालायचेत, यावरून पुन्हा ड्रॉवर.

लेकीने चार्जिंगचाच माउस मागवला. दिसायला गोंडस. खोक्यावर लिहिलेलं, एक मिनिट चार्ज केला की तीन तास चालतो. पण वायर खोचायचं भोक पोटाखाली! म्हणजे चार्जिंगला लावला की पालथ्या पडलेल्या कासवासारखा पाय वर करून पडतो, आणि आपण टेबलाशी हात बांधून बसायचं. बाबांनी तो हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला. "याचा सेल कुठनं काढायचा?"

"निघत नाही आजोबा. आत बसवलेला असतो."

"आणि तीन-चार वर्षांनी तो दमला की?"

"नवा माउस घ्यायचा."

"म्हणजे कंदिलातलं रॉकेल संपलं म्हणून कंदील फेकायचा."

लेकीला रॉकेल माहीत नाही, पण आजोबा जिंकले हे तिला कळलं. तसा मी बाबांच्या बाजूचा, म्हणून जुना माउस परत काढला. फक्त आता कोरे सेल घरात कुठे असतात ते मला माहीत नसतं. बाबांना माहीत असतं. तहसील कचेरीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी वहीत रेघा मारून आवक-जावक रजिस्टर केलंय. परवाच्या वीसला रात्री दहा वाजता सही करून मी एक सेल उचलला.

जावक : सेल, जाड पेन्सिल, तांबडा, नग १. कोणास : चिरंजीव. कारण : हळद.

आवकचा रकाना अजून कोरा आहे. बाबा रोज सकाळी बीपी मोजतात, तो आकडा लिहितात आणि मग वही माझ्या चहाच्या कपाशेजारी उघडी ठेवून फिरायला जातात.