"सगळे हिब्रू पेपर सरकारच्या तालावर नाचतात" : एका प्रतिक्रियेला उत्तर

इस्रायलच्या हिब्रू पेपरांवरच्या माझ्या लिखाणाखाली तुम्ही लिहिलंय, "गूगल ट्रान्सलेट लावून ज्ञान पाजळू नका, तिकडचे सगळे पेपर सरकारच्या तालावर नाचतात, त्यापेक्षा मराठी पेपरांवर लिहा." मत वेगळं असेल तर असू दे, पण 'ज्ञान पाजळू नका' ही काय बोलायची पद्धत झाली? समोर बसून बोलला असतात का असं?

गूगल ट्रान्सलेटचं म्हणाल तर नवऱ्याच्या रिसर्चमुळे आम्ही काही वर्षं इस्रायलमधल्या रेहोवोतला राहिलोय. उल्पानमध्ये, म्हणजे हिब्रूच्या वर्गात, हिब्रू शिकले, नवख्यांसाठी स्वरचिन्हं घालून छापलेला 'शाआर लामात्खिल' हा पेपर अक्षरावर बोट ठेवून वाचला. शेजारच्या मावशी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या, शुक्रवारी 'येदिओत' पेपरच्या पुरवण्यांचा गठ्ठा पसरून बसायच्या आणि मला अडलं की चक्क मराठीत समजावायच्या. तेव्हा माझं हिब्रू काढायच्या आधी जरा विचारायचं तरी.

आता ते 'सगळे पेपर'. छापण्याआधी बातम्या तपासणारा लष्करी सेन्सॉर आहे, आजही आहे, हे मान्य. पण १९८४ मध्ये पॅलेस्टिनी अपहरणकर्त्यांनी ३०० नंबरची बस पळवली, त्या 'बस ३००' प्रकरणात अधिकृत माहिती होती की सगळे अपहरणकर्ते कारवाईत मेले, आणि 'हदाशोत' पेपरचा फोटोग्राफर अलेक्स लेवाक याच्या फोटोत त्यातला एकजण जिवंत, दोन्ही बाजूंनी धरून नेताना दिसतो. त्याच 'हदाशोत'ने ह्या प्रकरणाच्या चौकशी समितीची बातमी सेन्सॉरला न दाखवता छापली म्हणून पेपर काही दिवस बंद ठेवला गेला. तालावर नाचणाऱ्याला कोण कशाला बंद करेल?

'इस्रायल हायोम' म्हणाल, तर हो, शेल्डन अॅडेलसनने २००७ ला काढलेला फुकट पेपर, वर्षानुवर्षं नेतन्याहूंच्या बाजूचा. पण 'वाल्ला' ह्या बातम्यांच्या साइटवर नेतन्याहूंना सोयीच्या बातम्या लागतात ही भानगड २०१५ मध्ये बाहेर काढली कोणी? 'हाआरेत्झ' पेपरच्या पत्रकार गिदी वाइत्झने, हिब्रूतच. पुढे त्यावरून पंतप्रधानांवर खटला उभा राहिला, तेच केस ४०००. नेतन्याहूंवरच्याच दुसऱ्या खटल्यात, केस २००० मध्ये, तर आरोपच असा की 'येदिओत'च्या मालकाशी चांगल्या बातम्यांच्या बदल्यात 'इस्रायल हायोम'ला आवर घालायची बोलणी झाली, दोघांनीही तो नाकारलाय. सगळे आधीपासून खिशात असते तर सौदा करायला कोण कशाला बसलं असतं? आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने 'हाआरेत्झ'च्या जाहिराती बंद केल्या, संबंध तोडले, ते काय लाडाने?

ह्यातलं काहीच न बघता एका वाक्यात सगळ्यांना एका माळेत ओवलंत, ह्याचा मला खरंच राग आलाय, कारण ह्या लोकांनी नोकऱ्या पणाला लावून बातम्या दिल्यात.

मराठी पेपरांवर लिहायचं की नाही ते मी ठरवेन. बाकी मुद्द्यांना उत्तर द्यावंसं वाटत नाही. तुमची प्रतिक्रिया डिलीट करत नाहीये, पण पुढच्या वेळी एखादी बातमी समोर ठेवून बोला, ह्याच सुरात आलात तर उत्तर मिळणार नाही.